घास शिवेना

खाण्याच्या बाबतीत खामगावचा हात कोण धरणार? नवं राज्य झालं, पुण्याकडचे साहेब वऱ्हाडात बदलून येऊ लागले, आणि त्यांच्या पाहुण्यांना गावभर खाऊ घालत फिरवायचं काम कचेरीतल्या अनंत कारकुनाकडे आपोआपच आलं. आधी इंद्रभानची कचोरी, मग चौकातली जिलबी आणि शेवटी तानुबाईच्या घरी उलट्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे.

तानुबाई ही अनंताची सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, लोकांच्या लग्नात मांडे करून करून शिकवलं. पण एकदा पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "अनंता, तू बी बस ना बापा. भूक लागली असन तुले." पाहुणी गालात हसली. अनंताचे कान तापले.

"ही आमची मांडेवाली," तो पुणेरी थाटात म्हणाला. "बाई, आधी पाहुण्यांना वाढा."

तानुबाईनं निमूट वाढलं. त्यानंतर तिनं त्याला नावानं कधी हाक मारली नाही.

पुढे ती गेली. दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला. बाभळीवर कावळेच कावळे, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. तिचा मुलगा शेषराव रडकुंडीला येऊन हळूच म्हणाला, "अनंता, तिचा जीव तुह्यात अडकला. एकडाव मोठ्यानं मावशी म्हन ना!"

अनंताला कळत होतं. पण तिच्या मांड्यांना जागून आलेले त्याचे साहेब जवळच छत्री धरून उभे होते. पोटच्यासारखं वाढवणाऱ्या मावशीला आपण मांडेवाली म्हणत आलो, हे त्यांना कळलं असतं. तो मनातल्या मनात 'मावशी' पुटपुटला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक माना खाली घालून उठले. अनंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी तोंड काही उघडलं नाही.

तेरवीनंतर साहेबांची बहीण प्रेमला आणि तिचे यजमान आले. रविवारी दुपारी अनंत त्यांना घेऊन निघाला. मांड्यांसाठी जागा ठेवायची म्हणून तो सकाळपासून उपाशीच होता.

इंद्रभाननं गरमागरम कचोरी पुढे ठेवली. प्रेमलाताईंनी हात पुढे केला. तो कचोरीवर थांबला... आणि मांडीवर परत गेला.

"वा! काय चव आहे!" त्या म्हणाल्या.

"अप्रतिम," यजमान रुमालानं ओठ टिपत म्हणाले.

दोघं उठले. कचोऱ्या अख्ख्याच होत्या.

"काऊन बापा," इंद्रभान अनंताच्या कानाशी लागला, "माल खराब हाये का? यायनं तं शिवलं बी नाही..."

जिलबीच्या दुकानातही तेच. पाक थिजत गेला, माशीसुद्धा बसेना, आणि पाहुणे तृप्तीची ढेकर देत उठले. अनंताच्या पाठीवरून घाम ओघळला. तानुबाईच्या घराकडे पाय वळेनात, पण प्रेमलाताईच पुढे चालू लागल्या.

शेषरावच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, पानं मांडली. तुपाचा वास घरभर दरवळत होता. पाहुण्यांचे हात पुन्हा हवेत थांबले.

"त्या मांडेवाल्या बाई गेल्या म्हणे," प्रेमलाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या कोण होत्या?"

अनंतानं वच्छलाबाईकडे पाहिलं.

"मावशी," तो म्हणाला. मग ओरडलाच, "माही मावशी होती ती! तिनंच वाढवलं मले. मले लाज वाटे तिची... आन आता माहीच लाज वाटते मले!"

मग मांडा मोडल्याचा आवाज आला. प्रेमलाताई खात होत्या. यजमानही अधाशासारखे खात होते, बोटांवरून तूप ओघळत होतं. आज काहीच खाल्लं नसल्यासारखे ते पुन्हा पुन्हा मागत होते.

सुटलो, असं अनंताला वाटलं. डोळे पुसत त्यानं पान जवळ ओढलं. पोटात भुकेनं आग पडली होती. त्यानं हात पुढे केला.

हात मांड्यावर थांबला.

"खा ना, भाऊजी," वच्छलाबाई म्हणाली.

अनंताचा हात मांडीवर परत आला. तोंड आपोआप उघडलं, आणि त्याला स्वतःचाच स्वच्छ पुणेरी आवाज ऐकू आला, "वा! पोट अगदी भरलं हो."