खंड पडल्याचे कारण

“कारण काय लिवणार हाईस? पोरगी येष्टी बगून भ्याली, आसं लिव!”

सखूबाईंनी चुलीपुढून, पाठ न वळवताच, ते शब्द फेकले आणि ओटीवर कागद लावत बसलेल्या शिवानीच्या काळजात काहीतरी तटकन तुटलं... सहा वर्षं आईच्या तोंडी हेच! तेव्हाही पुण्याला समाजकार्याच्या एम.एस.डब्ल्यू.ला नंबर लागला होता. आईनं लाडू बांधले होते, निम्मं विंझर गाव फाट्यावर पोचवायला आलं होतं. आणि एसटीच्या पायरीवर ठेवलेला पाय मागे घेऊन, ट्रंक तिथंच टाकून, ही पोरगी माघारी पळत सुटली होती! तेव्हापासून गावात कुणी कामातून माघार घेतली, की लोक हसून म्हणत, “शिवानीवानी येष्टी सोडली काय रं?”

आता पुन्हा नंबर लागला होता. परवा हजर व्हायचं होतं. शिक्षणात खंड का पडला, त्याचं कारण शपथेवर लिहून द्यायचं, एवढा एकच कागद उरला होता.

परातीत पीठ मळणाऱ्या गीतावहिनीचे हात थबकले. शिवानीनं ते पाहिलं आणि हसून म्हणाली, “व्हय आई, तसंच लिहिते.”

तो कागद टाइप करून घ्यायला वेल्ह्याला निघालेल्या एसटीत खिडकीशी बसून ती मळ्यांकडे बघत राहिली. त्या दिवशी त्या पायरीवरूनच तिला दिसली होती... वीस दिवसांची बाळंतीण, मोकळे केस, बाळ घरी टाकून विहिरीच्या वाटेला लागलेली वहिनी! काठावर शिवानीनं तिला कवेत धरलं, तेव्हा ती म्हणाली होती, “वन्सं, कुणाला सांगू नगा... येडी म्हणून माहेरी धाडतील, पोरगी तोडतील माझ्यापासनं!” शिवानीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. आणि मग कुठलं पुणं, कुठलं विद्यापीठ! डोळे दाखवायचं निमित्त करून भोरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेणं, गोळ्या देणं, उशाशी बसून गुणगुणणं...

तोरण्याच्या माथ्यावरी ढग बसला टेकून,
वहिनीबाई, उठा आता, ऊन चाललं झुकून.

वर्षभरानं वहिनी उठली, हसली, लेकीला उराशी धरून नाचली. शिवानीला आणखी काय हवं होतं? पण गेलेली एसटी मात्र परत फिरली नाही.

तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गंगाधरकाका टायपिंग करत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“कारण?”

“शहराची भीती वाटली, म्हणून.”

“अगं पोरी, लोकांच्या दुःखात हात घालायला निघालीस तू! हे वाचून तिथले सर काय म्हणतील? घरगुती अडचण लिहू का?”

“कसली अडचण, म्हणून विचारतील काका. मग खरं सांगावं लागेल. त्यापेक्षा गाव म्हणतं तेच लिहा.”

“आणि त्यांनी परत पाठवली तर?”

शिवानीनं कागद त्यांच्यापुढे सरकवला. “तर... येईन परत.”

“लिवू नगा वो काका!”

दारात गीता उभी होती, धापा टाकत, पदर खांद्यावरून घसरलेला.

“वहिनी! तुम्ही हितं? गप बसा, माझी शपथ आहे!”

“लई गप बसले, वन्सं! तुमच्या नावानं गाव हसलं, आन् म्या खाली मान घालून भाकऱ्या थापल्या...” तिनं डोळे पुसले. “लिवा काका. भावजय बाळंतपणात मनानं आजारी पडली, जीव द्यायला निगाली. नणंदेनं तिला वाचिवली, वरीसभर जपली. आन् खाली माजं नाव घाला!”

“आईला कळलं तर...?”

“आत्यांना समदं सांगूनच निगाले.”

शेडबाहेर सखूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. शिवानी पुढे होऊन म्हणाली, “आई...”

“हितल्या हितं विहीर व्हती गं,” सखूबाई पुटपुटल्या, “आन् मला दिसली न्हाई! सुनेचं दुखणं दिसलं न्हाई, लेकीचं मन दिसलं न्हाई... आन् तोंड मात्र सहा वर्सं चालवलं!” त्यांनी एका हातानं लेकीला आणि दुसऱ्या हातानं सुनेला ओढलं, आणि वेल्ह्याच्या भरबाजारात तिघी जणी ओक्साबोक्शी रडल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी विंझरच्या फाट्यावर एसटी आली, तेव्हा सखूबाई हात वर करून थेट रस्त्याच्या मधोमध उभ्या!

“मावशी, बाजूला व्हा की!” कंडक्टर ओरडला.

“न्हाई व्हणार! माजी लेक वर चढल्याबिगर गाडी हलायची न्हाई!”

फाट्यावरचे सगळे हसले, पण आज ते हसू वेगळं होतं. गीतानं ट्रंक वर चढवली, खिडकीशी आली आणि भिजल्या आवाजात म्हणाली...

तोरण्याच्या माथ्यावरी ढग गेला वितळून,
वन्संबाई, जावा आता, बघू नगा वळून.

गाडी हलली. शिवानीनं वळून पाहिलंच... आई अजून रस्त्यातच उभी होती, वहिनी लेकीचा हात धरून हसत होती, आणि मळ्यातली विहिरीची वाट, कोवळ्या उन्हात, रिकामी होती.