खिडकीसमोरची पेटी

पहिल्याच भेटीत त्याने माझ्या वर्गातली खुर्ची मोडली.

आणि तो सुतार होता! आता बोला.

थंडीच्या तोंडावर पानगळ सुरू झाली की आमच्या शाळेत सगळं गाव शिरतं. पोस्टमन येतो, बेकरीवाली येते, पोरांचे आजी-आजोबा येतात, आणि सगळे मिळून मुलांबरोबर पक्ष्यांसाठी लाकडी पेट्या करतात. प्रत्येक वर्गाची एक पेटी. पानगळीत ती टांगायची, थंडीत जवळच दाणे ठेवायचे, ऊन कोवळं झालं की कुठल्या पेटीत कोण राहायला आलं ते पाहायचं, आणि मोठ्या सुट्टीआधी सगळ्या पेट्या उतरवून, धुऊन माळ्यावर टाकायच्या. त्या वर्षी म्हातारा सुतार गुडघे धरून बसला, म्हणून त्याने पुतण्याला पाठवलं. पुतण्याला जायचं होतं हॉलमध्ये, दार चुकून आला माझ्या दुसरीच्या वर्गात.

मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मागे कडकन आवाज झाला. वळून बघते तर एक उंच माणूस जमिनीवर, गुडघे कानाशी, खाली खुर्चीची लाकडं, आणि भोवती अख्खा वर्ग आ वासून उभा.

"ही… दुसरीची खुर्ची आहे का?" त्याने जमिनीवरूनच विचारलं.

"होती," मी म्हटलं.

मुलं जी हसत सुटली, ती मधली सुट्टी होईपर्यंत थांबली नाहीत. मधल्या सुट्टीत तो ओट्यावर बसून खुर्ची जोडत होता. मी उगाच तिथून दोनदा गेले. पाणी प्यायला… आणि मग परत, पाणी प्यायला.

"झाली," तो म्हणाला. "आता हत्ती बसला तरी मोडायची नाही."

"हत्तीच बसला होता मघाशी."

त्याचे कान लाल झाले. आधी पाळी, मग वरचा काठ, मग सगळा कान. मोठ्या माणसाचे कान असे लाल होताना मी कधी पाहिले नव्हते. तिथेच मी फसले.

पेट्या टांगायच्या दिवशी तो शिडी घेऊन आला. दुसरीची पेटी मला माझ्या खिडकीसमोरच्या झाडावर हवी होती.

"खिडकीला फार जवळ होतेय, बाई," तो म्हणाला. "गजातून हात घातला तर लागेल. पक्ष्यांना थोडा एकांत लागतो."

"आणि मला ती वर्गातून दिसायला लागते."

"का?"

"का म्हणजे? माझ्या वर्गाची पेटी आहे."

त्याने शिडी सरकवली आणि पेटी माझ्या म्हणण्याप्रमाणे लावली. मग वरूनच मुलांना नियम सांगितला. पेटी एकदा लागली की उतरवणीच्या दिवसापर्यंत उघडायची नाही. झाकण उघडलं की पक्षी घाबरतात, पुन्हा येत नाहीत. कुणीही उघडायची नाही. अगदी बाईंनीसुद्धा नाही.

"आणि सुतारकाकांनी?" बडबडीने विचारलं. ही माझ्या वर्गातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात बोलघेवडी मुलगी. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून काय असतं ते ठाऊकच नव्हतं.

"सुतारकाकांनीसुद्धा नाही."

मग तो शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. खाली मी शिडी धरून उभी. एक वाळकं पान त्याच्या खांद्यावरून घसरत माझ्या मनगटावर पडलं.

"बाई… या पेटीत जोडी राहायला आली ना, तर मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे."

"आत्ता विचारा की."

"आत्ता नाही. जोडी आली तर."

"आणि नाही आली तर?"

"तर नाही विचारणार." कान पुन्हा लाल.

माझ्या हातातली शिडी हलली की मी हलले, देव जाणे. मुलं एकदम गप्प होती. माझा वर्ग गप्प बसला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. पण मला त्या क्षणी वर्गच दिसत नव्हता.

थंडीत तो दर शनिवारी दाणे घेऊन यायचा. खरं तर दाणे टाकायला सुतार कशाला लागतो? मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एकदा चष्म्यावरून बघत विचारलंसुद्धा, "यांचं दुकान शनिवारी बंद असतं का हो?" मी म्हटलं, मला काय माहीत. माहीत होतं. बंद नसायचं, तो बंद करून यायचा.

एका शनिवारी अवेळी भुरभुर पाऊस आला. आम्ही दोघं ओट्याच्या पत्र्याखाली. त्याच्या स्वेटरला लाकडाच्या भुशाचा वास, हाताच्या बोटांना जुने-नवे ओरखडे.

"आली का कुणी चौकशी करायला?" मी पेटीकडे बघत विचारलं.

"अजून वेळ आहे. थंडी सरली की बघायला येतात जागा."

"आणि जागा पसंत नाही पडली तर?"

"घर चांगलं केलंय मी."

"घर चांगलं असून काय उपयोग? घरवाल्याला तोंड उघडता आलं पाहिजे."

तो हसला. खाली बघून हसला. मी वाट पाहिली… पत्र्यावर पाऊस वाजत राहिला, आणि तो म्हणाला, "चहा गार होतोय, बाई."

अशा माणसाला काय करावं? पालथ्या घड्यावर पाणी!

त्याच दिवसांत घरी आईने एक स्थळ आणलं. बँकेतला मुलगा, एकुलता एक, स्वतःचं घर. बघायला आला तेव्हा चांगला बोलला, चांगला हसला, नाव ठेवायला जागा नव्हती. मी नाही म्हटलं.

"कारण सांग," आई म्हणाली.

"कारण आहे. थोडी थांब."

"कुठवर?"

मी काय सांगणार? चिमण्या येईपर्यंत? आई आठ-दहा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ताटात वाढायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. त्या मुलाचं पुढच्याच महिन्यात दुसरीकडे ठरलं. मला वाईट वाटलं नाही. मी रोज सकाळी वर्गात शिरले की आधी पेटीचं भोक बघायची, मग हजेरी घ्यायची.

वर्गाचंही लक्ष तिकडेच. हस्तकलेच्या डब्यातली लोकर तेव्हा भराभर संपायची. कापूस तर आणला की गायब. मी ओरडायची, "कोण घेतं रे?" सगळ्यांचे ओठ मिटलेले. अळीमिळी गुपचिळी. बडबडीचेसुद्धा! तिथेच मला कळायला हवं होतं.

ऊन कोवळं झालं. परीक्षेनंतरच्या आठवडाभराच्या सुट्टीनंतर शाळा भरली, तेव्हा पहिलीच्या पेटीत जोडी आलेली. तिसरीच्या पेटीत तर पिल्लांचा कलकलाट. पोस्टमन, बेकरीवाली, आजी-आजोबा सगळे गवतावर बसून माना वर करून बघत होते. चौथीची पेटीसुद्धा भरली, आणि ती तर हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षांच्या गर्दीत, फाटकापाशी.

दुसरीची तेवढी रिकामी.

तो आला, माझ्या पेटीखाली बराच वेळ उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. वाटलं, वर बघेल. एकदा वर बघितलं असतं तर माझ्या तोंडावरच सगळं लिहिलेलं होतं. तो शिडी खांद्यावर टाकून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मीही गेले नाही. त्याचं दुकान माझ्या घराच्या वाटेवर होतं, तरी मी वळसा घालून जायची. विचारणार म्हणाला होता तो. मग मी का जाऊ? रागाने नाक लाल करून मी लांबच्या रस्त्याने चालायची, आणि घरी आल्यावर आईला दिसू नये म्हणून आधी तोंड धुवायची.

मग एक दिवस मोठ्या बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या, "ऐकलंत का? आपल्या सुताराचं लग्न ठरलं. त्याच्या वहिनीचीच बहीण. छान झालं, नाही?"

"छान झालं," मी म्हटलं. तपासायच्या वह्या माझ्या हातात होत्या. त्यांतल्या किती मी तशाच तपासल्या, मला आठवत नाही.

उतरवणीच्या दिवशी तो आला. यायलाच हवं होतं, पेट्या त्याच्या होत्या. पटांगणात सगळं गाव, बादल्या, गरम पाणी, पोरांचा गोंधळ. माझ्या झाडापाशी आम्ही दोघंच. त्याने पेटी उतरवली आणि स्क्रू काढायला बसला.

"अभिनंदन," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. "बाई… पेटी रिकामी राहिली. मला वाटलं, तुमचंही उत्तर तेच असणार. घरचे मागे लागले होते. मी म्हटलं, मग बरंच."

"माझं उत्तर? कशाचं उत्तर? गावभर शिड्या लावल्यात, चिमण्यांना विचारलंत, झाडाला विचारलंत. मला तेवढं विचारलं नाहीत!"

"भीती वाटली. तुमच्या तोंडून नाही ऐकायचं… त्यापेक्षा पेटीकडून ऐकणं सोपं वाटलं."

"आणि मी घरी आलेलं स्थळ परत पाठवलं. तुमच्या या खोक्याच्या भरवशावर."

 मग काहीतरी करायचं म्हणून त्याने झाकण ओढलं.

पेटी रिकामी नव्हती.

आत काठोकाठ लोकर कोंबलेली. लाल, पिवळी, निळी. कापूस. पेन्सिलीची सालं. तांदूळ, भिजून काळे पडलेले. बाहुलीची एवढीशी उशी. रिबिनीचा तुकडा. सगळं फूटपट्टीने दाबून दाबून बसवलेलं, भोकाच्या आतल्या कडेपर्यंत, बाहेरून नुसता अंधार दिसावा असं. चिमणीलाच काय, मुंगीलाही पाय ठेवायला जागा नाही.

माझ्या मागे बडबडी येऊन उभी होती, आणि तिच्या मागे हळूहळू सगळा वर्ग.

"आम्ही ठेवलं," ती म्हणाली. "खिडकीतून. त्यांना मऊ लागावं म्हणून… म्हणजे ते लवकर येतील, आणि काका तुम्हाला प्रश्न विचारतील."

 रागावू कुणावर?

तो लोकरीचा वरचा थर बोटाने अलगद उचलत होता. भोकाच्या अगदी तोंडाशी, आतल्या बाजूला, गवताच्या चार वाळक्या काड्या होत्या, एकीत एक अडकवलेल्या.

"हे मुलांचं नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हे विणलंय. आली होती जोडी. सुट्टीत आली असेल. जागा मिळाली नाही, म्हणून गेली."

 पलीकडे कुणीतरी बादली ओतली, पोरं किंचाळली.

"तू हो म्हणाली असतीस?"

पहिल्यांदा तू म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"त्या शिडीवरच म्हणाले असते," मी म्हटलं. "प्रश्न पुरा व्हायच्या आधी."

त्याने डोळे मिटले. तिकडे गेटापाशी त्याची वहिनी आली होती, आणि तिच्याबरोबर एक मुलगी, हिरव्या ड्रेसमधली, लाजत, शाळा बघत. तिचा काय दोष? तिने तर कुणाची जागा घेतली नव्हती. तिला दिलेला शब्द मोडायला मी सांगितलं नाही, आणि तो मोडणाऱ्यातला नव्हता. खुर्चीशिवाय त्याने कधी काही मोडलं नाही.

"म्हणजे पक्षी आले होते!" बडबडी एकदम ओरडली. तिला तेवढंच कळलं होतं. "काका, आले होते ना? मग आता विचारा! तुम्ही म्हणाला होतात!"

"विचारा! विचारा!" सगळा वर्ग टाळ्या वाजवत ओरडायला लागला. पोस्टमन वळून बघायला लागला, बेकरीवाली हसायला लागली. हिरव्या ड्रेसमधली मुलगीसुद्धा कौतुकाने बघत होती, सुतारकाका मुलांना काय गंमत दाखवताहेत ते.

तो उठून उभा राहिला. कान लाल झाले नव्हते. पांढरे पडले होते.

"बाई," तो म्हणाला, "ही पेटी… पुढच्या वर्षी कुठे लावू?"

टाळ्या थांबल्या.

"लांब लावा," मी म्हटलं. "माझ्या खिडकीतून दिसणार नाही अशी."

त्याने मान हलवली, काड्या तशाच ठेवून झाकण लावलं आणि पेटी उचलून धुवायच्या बादल्यांकडे गेला. बडबडीने माझा पदर ओढला.

"बाई, एवढाच प्रश्न होता?"

"हो गं," मी म्हटलं. "एवढाच होता. चला, हात धुवा सगळ्यांनी."