मागची डावी सीट

त्या वळणाचा उतार ज्यांनी उलटा सोडला, त्यांना ते माहीत होतं. नकळत झालेली चूक नाही ती. जालन्याकडून राजूरला जाताना रस्ता डावीकडे वळतो आणि डांबर मात्र उजवीकडे उतरतं. वळणावर गाडी आधीच बाहेर फेकली जात असते. तिला धरून ठेवायचं सोडून रस्ताच तिला ढकलतो. तरी सह्या झाल्या, फीत कापली, फोटो छापून आले. माझ्या वहीत त्या वळणावर मेलेल्यांची अकरा नावं आहेत. शेवटचं नाव शालूचं. वय सहा. छोटी गाडी, मागची सीट, बेल्ट नाही.

म्हणून मी गवंड्याकडून पाणसळ मागून आणली होती. ती वळणावर आडवी ठेवायची, बुडबुडा कुठे सरकतो त्याचा फोटो घ्यायचा आणि वळणाच्या चौकशीसाठीच्या अर्जाला जोडायचा. दिवसा वाहनांमुळे रस्त्यावर वाकताही येत नाही, म्हणून रात्र निवडली. गाडी साहेबराव काका चालवत होते. काका शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, माझी वर्गमैत्रीण अक्षता हिचे चुलते. अक्षता मागे बसली होती, काकांच्या पाठीशी. मी पुढे, मांडीवर पाणसळ घेऊन.

वळण दोन किलोमीटरवर राहिलं असताना काकांनी एका बंद होत आलेल्या टपरीपाशी गाडी थांबवली. चहा झाला. आम्ही परत गाडीत बसलो. मागे खट् असा आवाज आला आणि अक्षता पाय पसरून फुटाणे खायला लागली. काका मात्र चावी फिरवेनात.

"चला ना काका."

"थांब रे. बुडबुडा कुठं पळून चालला न्हाई." त्यांनी काच अर्धी खाली घेतली. "तू पाणसळीनं मोजनार. वसंतानं पोत्यानं मोजलं व्हतं. ते ऐक, मंग जाऊ."

वसंता मला तोंडओळखीचा होता. राजूरचा, पूर्वी काळी-पिवळी जीप चालवायचा.

"भुताची गोष्ट आहे का?" मी विचारलं. "काका, लोकांना भूत आवडतं, कारण भुतावर गुन्हा दाखल करता येत नाही. मग कुणालाच जाब विचारायला नको."

"आपण धम्माची दीक्षा घेतलेली मानसं. भूतखेत मानत न्हाई," काका शांतपणे म्हणाले. "मी फक्त झालं ते सांगतो. अठरा नोव्हेंबर, मंगळवार. आमावस्या दोन दिवसांवर व्हती, म्हंजी नव्हती. उगा लिहिताना आमावस्या घालू नको."

मागे अक्षता हसली.

काकांनी सांगितलं ते असं. वसंतानं आठच दिवसांपूर्वी नवी छोटी गाडी घेतली होती. पंधरा वर्षं जीप हाकलेला माणूस. त्याला ती गाडी हातात खेळण्यासारखी वाटायची. सरळ रस्त्याला गुणी, पण वळण आलं की अंग टाकायची. स्टिअरिंग हलकं पडायचं, मागचा भाग आपल्या मनानं चालल्यासारखा वाटायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जालन्याच्या दवाखान्यातून बहिणीला आणायचं होतं. वंदनाला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला पहिलं बाळ झालं होतं, पाच दिवसांचं. आणि वाटेत हे वळण.

"मी म्हनलं, यष्टीनं आन," काका म्हणाले. "तर म्हनला, मास्तर, तिचे टाके ओले हायेत. यष्टी तिला आपटून आपटून मारील. मी आधी गाडी बघून घेतो. बराबर बसली वळनाला तर आनतो, न्हाई तर न्हाई."

म्हणून त्या रात्री, साडेनऊला, त्यानं सोयाबीनचे दोन कट्टे मागच्या सीटवर ठेवले. एक वंदनाच्या जागी, एक आईच्या. गाडी टुंग टुंग करायला लागली. नव्या गाड्यांना तशी सोय असते, मागे कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की समोर त्या सीटचा लाल दिवा लागतो. त्यानं कट्ट्यांना बेल्ट लावले. गाडी गप्प झाली.

वळणापलीकडे जालन्याच्या बाजूला जाऊन तो फिरला आणि साठच्या वेगानं वळण घेतलं. गाडी उजवीकडे कलली, टायर किंचित ओरडले, पण निघाली. त्यानं पुन्हा घेतलं. पुन्हा. दर वेळी थोडी कलायची, दर वेळी निघायची. पण त्याचं समाधान होईना. भरलेली गाडी बसते म्हणजे ओझ्यानं बसते, की मुळात चांगली आहे? ते कळायला रिकामी चालवून बघावी लागणार होती. मग वळणाच्या त्याच जालन्याकडच्या बाजूला, लिंबाखाली, त्यानं दोन्ही कट्टे ओढून खाली उतरवले.

"आन इथं त्यानं चूक केली," काका म्हणाले. "चूक बी कशी म्हनावी? सवय. पंधरा वर्सं तेच केलं त्यानं. थांबा आला, सवारी उतरली, जागा झाली, की दार धरून वरडायचं. जागा रिकामी घेऊन जायची न्हाई. ह्यानं कट्टे उतरवले, मागचं दार धरलं, आन आपल्याच गमतीत अंधाराकडं तोंड करून वरडला. राजूर, राजूर, राजूर! चला बसा, एक सीट!"

टपरीवाल्यानं दिवा मालवला.

"मंग?" अक्षतानं विचारलं. फुटाण्यांचा आवाज थांबला होता.

"मंग हसला सोताशीच. दार लावलं. बसला. निघाला."

रिकामी गाडी. साठचा वेग. वसंता हात घट्ट धरून, गाडी हलकी पडायची वाट बघत होता.

ती पडली नाही.

स्टिअरिंग जड झालं. मागचा भाग खाली बसला. वळण सुरू झालं आणि गाडी उजवीकडे कललीच नाही. कट्टे असताना कलली होती. आता... नाही. जणू मागे कुणीतरी बसून सगळं अंग डावीकडे, वळणाच्या आत, झुकवून धरलंय.

टुंग.

त्यानं समोर पाहिलं. लाल दिवा. मागची डावी सीट.

टुंग... टुंग...

आरसा वर होता. त्यानं वर पाहिलं नाही.

वळण संपेना. टुंग... टुंग... टुंग... आवाज जलद झाला. पायाला ब्रेक सापडेना, आणि सापडला असता तरी दाबायची हिंमत नव्हती. थांबल्यावर काय...

"मंग तो बोलला," काका म्हणाले. त्यांचा स्वर इतका खाली गेला होता, की मी वाकलो. "पुढं बघूनच. म्हनला, बेल्ट लाव, माय."

"माय? म्हणजे मुलगी?" मी विचारलं.

"त्यालाच इचार. मला न्हाई सांगता आलं त्याला. तोंडातून तसंच आलं म्हनतो."

"आणि?"

"...खट्."

टुंग थांबलं.

वसंता राजूरला आला. घरासमोर गाडी उभी केली. मग उतरून मागचं दार उघडलं. सीट रिकामी. पण डावा बेल्ट लावलेला. सैल नाही, ताणून लावलेला. लहान मुलाच्या कमरेला बसेल एवढाच. बटण दाबलं. दबलं नाही.

पहाटे पाचला त्यानं काकांचं दार वाजवलं. काकांनीही दाबून पाहिलं. नाही.

"आन तरी त्यानं वंदनाला त्याच गाडीत आनलं," काका म्हणाले. "टाके ओले, दुसरी गाडी न्हाई. आई पुढं बसली. मागं उजवीकडं वंदना, मांडीवर लेकरू. डावी सीट तशीच. वळनात ट्रक आला समोरून, मधोमध. वसंतानं जल्दीनं डावीकडं ओढली. तेवढ्या वेगात ओढल्यावर छोटी गाडी काय करती, तू तर इंजिनेर हायेस."

"उलटली असती."

"हलली बी न्हाई. खाली दगड बांधल्यावानी बसून राह्यली. लेकराची झोपमोड न्हाई झाली. वंदना म्हनती, दादा, गाडी लई बसकी हाय रे तुझी. हा स्टिअरिंग सोडंना, आन ही गाडीचं कवतिक करती."

मला काहीतरी बोलायचं होतं. सेन्सर, चिकटलेलं बटण, दमलेला माणूस. सगळी उत्तरं माझ्याकडे होती. तेवढ्यात मला वहीतलं शेवटचं नाव आठवलं. मागची सीट. बेल्ट नाही. मी ते काकांना कधीच वाचून दाखवलं नव्हतं.

"तो बेल्ट मग उघडला का?"

"शोरूमच्या पोरांनी हात टेकले. म्हनले कापून टाकू. वसंतानं कापू दिला न्हाई. म्हनला, राहू द्या, बसलीय ती बसू द्या. वळनाला गाडी धरून ठिवती. आता तो रातच्याला ही गाडी काढतच न्हाई. कुनाला नड आली तर मी घेतो."

"ही गाडी?" मी म्हणालो.

काकांनी चावी फिरवली. इंजिन लागलं, समोरचे दिवे उजळले, रस्ता दिसायला लागला. दोन किलोमीटरवर वळण.

टुंग.

लाल दिवा लागला होता. मागची डावी सीट.

टुंग... टुंग...

काकांचा हात गिअरवर तसाच राहिला. मी मागे वळलो. अक्षता काकांच्या पाठीशी, पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिचा बेल्ट लावलेला होता. ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

"त्या बाजूचा बेल्ट व्हय?" ती म्हणाली. "मघाशीच काढला मी. पायाला टोचत होता."