पेटीतली एकच चिठ्ठी

पहिल्याच भेटीत त्याच्या अंगठ्यावर हातोडी बसली, आणि तीही माझ्यामुळे. कुंभिवलीच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. नवा कामगार अधिकारी हरी दातार दाराबाहेर भिंतीवर लाकडी पेटी ठोकत होता, आणि मी दार धाडकन उघडलं.

"आई गं!"

"लागलं का?"

"नाही... म्हणजे, हो."

डब्याचं फडकं ओलं करून मी त्याच्या अंगठ्याला गुंडाळलं. "ही कसली पेटी?"

"सूचना पेटी. अडचणी लिहून टाका. शनिवारी मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर वाचतील."

"आनि तोंडानं सांगितलं तर सायबांना ऐकाया येत नाय?"

तो हसला. हसला की खळी पडायची. मेलं, नेमकं तेच मी पाहिलं.

आम्हा चाळीस बायकांना प्यायच्या पाण्यासाठी थेट गेटवर जावं लागे. साहेबांकडे गेलं की एकच उत्तर – "लेखी द्या." निम्म्या बायकांना सही येत नव्हती. शेवटी आमच्यातल्या थोरल्या अंबूबाईंनी ठरवलं, पेटीत कुणीच चिठ्ठी टाकायची नाही. सर्वांत मोठ्यानं 'हो' मीच म्हटलं.

दोन शनिवार पेटी रिकामी निघाली. हरी मात्र जेवणाच्या सुट्टीत आमच्यातच येऊन बसायचा.

"सायेब, सुकटीचा वास येत नाय?" मी डिवचलं.

"येतो... पण बसू द्या."

"पेटी तिकडं हाय. इकडं काय शोधता?"

"ऐकायला आलो. तुम्ही बोलाल ते... काहीही."

तिसऱ्या शुक्रवारी मात्र त्याचा चेहरा उतरला होता. "उद्याही पेटी रिकामी निघाली तर माझी नोकरी गेली. साहेब म्हणतात, कामगार लिहीत नाहीत तर अधिकारी हवा कशाला?"

मी चिठ्ठी लिहिली, पेटीपाशी गेले – आणि परत आले. बायकांना शब्द दिला होता. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

शनिवारी साहेबांनी पेटी उघडली. आत एक चिठ्ठी! अंबूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले.

"मी नाय, आईशप्पथ!"

साहेब वाचू लागले. "'सूचना : ही पेटी काढावी. बायका पाणी मागतात, ते मी तीन आठवडे कानांनी ऐकलं आहे. मला ठेवायचं की नाही, ते पॅकिंगच्या मैनाला विचारावं. हरी दातार.'... कोण मैना?"

मी उभी राहिले.

"राऊ द्या त्यांना."

"कारण? लेखी द्या."

"लिवून नाय देनार. तोंडानंच सांगते..." मी हरीकडे पाहिलं. "आवडतात मला."

चाळीस बायका खिदळल्या. हरीचे कान लालबुंद झाले, पण नजर माझ्यावरून हलेना. आता कोणता अर्ज मागावा, ते साहेबांना सुचेना. तेवढ्यात अंबूबाई पदर खोचून उठल्या.

"पेटी रिकामी नवती, म्हंजे यांची नोकरी ऱ्हायली. हिचं बी जमलं. आता पान्याचं बोला, सायेब."