सूतभर फट

विंझरच्या पुढच्या वळणावर मोहिनीच्या स्कूटीवरची दोरी सुटली आणि नमुन्याच्या फळ्या धाडधाड रस्त्यावर पसरल्या. मागून येणारा टेम्पो कचकन थांबला. आषाढ सरत आला होता. वेल्ह्याकडून बारीक भुरभुर येत होती. टेम्पोतून एक उंच तरुण उतरला, त्यानं एक फळी उचलून तिच्यावर टिचकी मारली.

"हे... लाकूड आहे की प्लॅस्टिक?"

"दोन्ही," मोहिनी ओढणी पिळत म्हणाली. "भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून बनवतात. कुजत नाही, वाळवी लागत नाही. द्या इकडं."

"पण वास न्हाई. लाकडाला वास पायजे."

"लोक डेकवर बसायला येतात. वास घ्यायला नाही!"

तो खळखळून हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे तिनं पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

गुंजवण्याला सोजराबाईंच्या अंगणात ती पोचली, तर तोच टेम्पो तिथं उभा! सोजराबाई शेळ्या राखत आणि घरातल्या दोन खोल्या राजगड चढायला येणाऱ्या पाहुण्यांना देत. आता त्यांना घरापुढं, धरणाच्या पाण्याकडं तोंड करून डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, बांधायचा होता. त्यासाठी त्यांनी भोरच्या लाकडाच्या वखारीतून या तरुणाला, सोमेश्वरला, बोलावलं होतं आणि विंझरच्या तिच्या वडिलांच्या दुकानातून मोहिनीला. मोहिनीला हे काम हवंच होतं. या नव्या फळ्या दुकानात ठेवायचा हट्ट तिचा, आणि त्यांच्यावर साचणारी धूळ बघून वडील, धनाजीराव, रोज सुस्कारे सोडत.

"मला त्यातलं काय कळत न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "हितं पाऊस कोसळतोय, थंडीत दात वाजत्यात, उन्हाळ्यात दगूड भाजतोय. दोघं बी थोड्या थोड्या फळ्या मांडा अंगणात. दसरा झाला की बघू, कुणाच्या टिकल्यात."

दोघांनी शेजारी शेजारी फळ्या ठोकल्या. सोमेश्वर तिरक्या नजरेनं बघतोय हे जाणवल्यावर मोहिनीनं आपल्या फळ्या टोकाला टोक भिडवून अगदी घट्ट बसवल्या. कुठं रेघसुद्धा दिसायला नको!

मग श्रावण आला. फळ्या बघायच्या निमित्तानं मोहिनी गुंजवण्याला जाऊ लागली, आणि योगायोग असा की ती गेली की सोमेश्वरचा टेम्पोही हमखास येई. तो सागाच्या फळ्यांना जवसाचं तेल चोळत बसे.

"दर वर्षी असंच लाड करायचे का त्यांचे?" ती विचारी.

"आपल्या माणसाचे करतोच की."

"फळीला माणूस म्हणता?"

"मग... तुमी माणूस मिळवून द्या," तो मान वर न करता म्हणे, आणि मोहिनीला उगाचच आपल्या फळीवरचं शेवाळ खरवडायची घाई होई. खरवडता खरवडता ती हसत असे, आणि सोजराबाई गोठ्याच्या दारातून दोघांकडं बघत असत.

दसरा उलटला. ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं. सोजराबाईंनी दोघांना बोलावलं. पावसाच्या माऱ्यानं सागाच्या दोन फळ्या काळवंडल्या होत्या, एकीचं टोक वर उचललं होतं. मोहिनीच्या फळ्या मात्र जशाच्या तशा सपाट.

"पोरी, तुजंच घेते समदं," सोजराबाई म्हणाल्या.

मोहिनीचा चेहरा खुलला. ती खाली वाकली, फळीवरून हात फिरवताच चटका बसला... आणि ती थबकली. दोन फळ्यांच्या टोकांमध्ये सूतभर फट होती. टोकं करवतीनं नेमकी छाटलेली. ही फट तिनं ठेवली नव्हती. घट्ट भिडलेल्या फळ्या या उन्हात फुगून कमानीसारख्या उठल्या असत्या. फट ठेवायला वडिलांनी बजावलं होतं, आणि ती विसरली होती.

तिनं सोमेश्वरकडं पाहिलं. तो धरणाकडं बघत होता, फारच मन लावून.

"माझ्या फळ्यांना हात कुणी लावायला सांगितला होता?"

"फुगल्या असत्या..."

"मग फुगू द्यायच्या! काम तुम्हाला मिळालं असतं."

"व्हय. मिळालं असतं," तो हळूच म्हणाला. "पण मग तुमी परत हितं आला नसता."

मोहिनी गप्प राहिली असती तर सगळं काम तिचंच होतं. तिनं सरळ सोजराबाईंकडं तोंड वळवलं.

"काकी, माझ्या फळ्या यांनी वाचवल्या. मी चुकीच्या बसवल्या होत्या. आणि... अशा भर दुपारी त्यांच्यावर अनवाणी उभ्या राहून बघा, पाय भाजतो."

सोजराबाईंनी पाऊल टेकवलं आणि "आई गं!" म्हणत सागावर उडी मारली. तिथं मात्र त्या निवांत उभ्या राहिल्या.

"मग असं करा," त्या हसत म्हणाल्या. "छपराखाली लोक बसत्यात, तिथं लाकूड. उघड्यावर पावसात ह्या पोरीच्या फळ्या. दोघं मिळून करा. न्हाईतर मी तिसरा बगते!"

तिसरा बघायची वेळ आली नाही. दिवाळीनंतर डेक उभा राहिला. शेवटचा स्क्रू बसला त्या सकाळी धरणावर धुकं होतं आणि दोघं पाय सोडून डेकच्या काठावर बसले होते. त्याच्या हातावर भुसा होता. तिनं तो ओढणीनं झटकला. मग हात तिथंच राहिला.

"मोहिनी, मी..." तो अडखळला. "आता काम तर संपलं. मग उद्यापासून..."

"उद्या रविवार. आमच्या घरी ये."

"ये?" त्यानं चमकून पाहिलं. "म्हणजे... तू..."

"बाबांना भेटायला ये. आईला घेऊन ये. पोहे मी करीन." ती लाजून पाण्याकडं वळली, पण हात सोडला नाही. "फक्त एक ऐक. बाबांसमोर लाकडाच्या वासाबद्दल बोलू नकोस... लग्न ठरेपर्यंत तरी."

सोमेश्वर इतका मोठ्यानं हसला की सोजराबाई चहाची किटली घेऊन धावत बाहेर आल्या.