चहाघराचं दार

१९५३च्या थंडीत मी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. वृंदाला जुन्या इमारतींचं वेड, म्हणून शनिवारी दुपारी शिवमंदिर आणि रविवारी बदलापूरची जपानी बाग असा बेत केला.

बाग आमच्या मॅनेजरांची, विष्णुपंतांची. दुसऱ्या महायुद्धापूर्वी एका जपानी कापूसव्यापाऱ्यानं ती बंगल्यामागे करवून घेतली होती. पुढे जपान लढाईत उतरल्यावर सरकारनं त्याला धरून नेलं आणि बंगला लिलावात निघाला. विष्णुपंतांनी तो घेतला, पण तिथे कधी मुक्काम केला नाही.

सोनिवली गावापुढे टांगा सोडून आम्ही आत शिरलो. शेवाळलेले दगड, ठेंगणे दगडी दिवे, कोरड्या तळ्यावर लाकडी पूल. तळ्याच्या मातीला भेगा पडल्या होत्या. भर सकाळी एकही पाखरू बोलत नव्हतं.

पलीकडे चहाघर होतं. दार जेमतेम मांडीइतकं उंच. पाहुण्यानं वाकूनच आत यावं, अशी जपान्यांची रीत.

राखणीला आवडी नावाची गावातली बाई होती. ती पुलाअलीकडेच थांबली. म्हणाली, "आत काय नाय बघासारखा."

वृंदा हसली, चपला काढून रांगत आत गेली. आतून तिचा आवाज आला, "अहो, इथं फार गार आहे."

मी बूट काढून डोकं आत घातलं. एकच खोली, कुजक्या चटया, चारी बाजूंनी भिंती. दुसरं दार नाही. आत कोणीच नव्हतं.

मी हाक मारली.

"आले," ती म्हणाली. आवाज नदीपलीकडून यावा तसा आला.

मी बाहेर सरकलो. जरा वेळानं वृंदा त्याच दारातून रांगत बाहेर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"कुठे होतीस?"

"आतच तर होते."

आवडीनं मला पाणी दिलं. वृंदाला दिलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही.

घरी सगळं पूर्वीसारखंच सुरू झालं. स्वयंपाकाची चव तीच, आवाज तोच. माहेरच्या आठवणीही ती सांगे, पण कुणाकडून ऐकल्यासारख्या. दारातून जाताना मान लववी. रात्री तिचा हात लागला की मी दचकून जागा होई, इतका तो गार असे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. अशक्तपणा असेल, म्हणाले.

चैत्रात तिची धाकटी बहीण मालिनी चार दिवस राहायला आली. दोघी गप्पा मारत, एकत्र जेवत. मला हायसं वाटलं.

निघायच्या दिवशी मी तिची ट्रंक टांग्यात ठेवली. घरात वृंदा कपबश्या विसळत होती. मालिनीनं मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हलकेच विचारलं,

"भावोजी, ताई कुठे आहे?"