रालीचा र

मी पेशंटना बोलायला शिकवते. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेली माणसं रूसे शहराच्या इस्पितळात माझ्याकडे येतात, डॅन्यूब नदीच्या बाजूच्या खोलीत. शब्द त्यांच्या डोक्यात शाबूत असतो. तो म्हणायला जीभ कुठं टेकवायची, तेवढंच मेंदू विसरलेला असतो. मग मी त्यांना आरशासमोर शेजारी बसवते. कानाला पकडता येत नाही ते डोळा पकडतो. माझं तोंड बघायचं, तसंच करायचं, आणि मी ‘शाब्बास, पुरे’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही. हा माझा नियम.

मेतोदीकाका नदीवरच्या बोटीचे कप्तान होते. रोज दहाला दोब्रिंकाकाकू त्यांना घेऊन यायची. शेहेचाळीस वर्षं यांना गप्प बसा म्हणत होते, देवानं भलत्या वेळी ऐकलं, असं म्हणायची आणि बाहेर बाकावर जाऊन डोळे पुसायची. तिला एकच हवं होतं, त्यांनी पुन्हा नावानं हाक मारावी.

महिन्याभरानं काका बोलले. “दोब्लिंका.”

र च्या जागी ल. होतं असं. पण त्याआधी त्यांनी टाळूला जीभ लावून एकदा ‘टक्’ केलं, आणि मी पुढचा शब्द द्यायचा विसरले.

अवघड शब्दाआधी असं टक् करायची माझी लेक, राली. बालवाडी सुटली की याच खोलीत, कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसायची आणि आरशात बघून पेशंटच्या नकला करायची. स्वतःचं नाव लाली सांगायची. मला र शिकव ना, म्हणून मागं लागायची. मी म्हणायची, तुझं नंतर, माझे पेशंट खोळंबलेत. सहाव्या वर्षी तापात गेली. परवाच, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, दारावर तिच्या फोटोचा स्मरणाचा कागद चिकटवला, जाऊन चार वर्षं झाल्याचा.

मी आरशात पाहिलं. काका माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खाली होती, माझ्या कोपरामागे... कोपऱ्यातल्या स्टुलाच्या उंचीला.

“काका, कुणाचं तोंड बघताय?”

“टक्... ती पोलगी.”

स्टूल रिकामं होतं. घाबरायला हवं होतं मी. पण खरं सांगते, मला भरून आलं. मी त्यांची चूक सुधारलीच नाही. तीन आठवडे त्यांच्याकडून नुसते र चे शब्द म्हणवून घेतले आणि ऐकत बसले.

मग एका सकाळी काकू आत आली. घरी ते तोंडच उघडत नाहीत, नातवंडं हसतात, म्हणाली. “ताई, होणार नसेल तर तसं सांगा. मी मन घट्ट करीन.” मला माझीच लाज वाटली.

ती बाहेर गेल्यावर मी स्टूल आरशाशी ओढलं आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

“राली, इकडे बघ. जीभ दातांमागे. द, द, द... भरभर. आता श्वास सोड...”

किती वेळ म्हणत होते कोण जाणे. काका स्टुलाकडे टक लावून बसले होते. एकाएकी ते हसले, मान डोलावली, आणि टक् न करता म्हणाले, “दोब्रिंका.”

काकू दारात येऊन तिथंच ढसाढसा रडायला लागली. मी तिला सावरायला धावले. त्या गडबडीत एक गोष्ट राहूनच गेली.

काका आता छान बोलतात. त्या पोरीचं विचारलं, तर कुठली पोरगी, म्हणतात.

खोलीची किल्ली माझ्या एकटीकडे असते. रोज सकाळी कुलूप काढते, तेव्हा आरशावर, स्टुलाच्या उंचीला, श्वासाच्या वाफेचा गोल असतो... ओला, ताजा. ती अजून म्हणतेय. तिला कुणी थांब म्हटलेलंच नाही. मी दोन शब्द बोलले की पोर थांबेल, आणि जाईल. बोलायला हवेत, कळतं मला. रोज ओठांवर आणते. मग कोट खुंटीला अडकवते आणि पहिल्या पेशंटला आत बोलावते.